वना, मार!

गुरुवार, ११ जानेवारी २०२४. रात्रीचे अकरा वाजून चाळीस मिनिटं. पारोळा ओलांडून धुळ्याकडे जाताना, ओढ्यावरच्या एका अर्धवट फरशीपुलापाशी. अमावस्या होती, पण तिचं भांडवल करायची गरज नाही. अखिल, तो मोबाइल पालथा ठेव. उजेड डोळ्यांवर येतो.

प्रेमराजला तुम्ही सगळे ओळखता. जळगावात मेहरूणला तलावाच्या रस्त्यावर गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज आहे, तो. बायको नूतन बाळंतपणाला माहेरी, धुळ्याला गेलेली. त्या दुपारी मुलगा झाल्याचा फोन आला आणि सहा वर्षांच्या लेकीनं, पुनमनं घर डोक्यावर घेतलं. "मला आत्ताच्या आत्ता बाळ बघायचंय!" शेवटी गॅरेज बंद करून, जेवून बापलेक निघाले. गाडी वडिलांच्या वेळची पांढरी अँबेसेडर. जुने पॉइंट काढून त्यानं तिला नुकतंच इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं होतं. त्यावरून भागीदार वना त्याला चिडवायचा, "म्हातारीले कवळी बसाडी का रे भो!"

पारोळा मागे पडलं. पुनम मागच्या सीटवर गोधडीत झोपून गेली.

त्या फरशीचं काम दीड वर्ष चाललं होतं. रस्ता मधेच तोडलेला, पुढे दोन पुरुष खोल खड्डा. फलक नाही, दिवा नाही, चुना मारलेले चार दगडही नाहीत. विचारलं तर कंत्राटदार सांगतो, फलक चोरीला गेला. वा रे वा! फलक चोरीला जातो, मग खड्डा कसा कोणी चोरून नेत नाही? प्रेमराजला तो खड्डा दिसला अगदी तोंडाशी आल्यावर. त्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली. इंजिनही बंद पडलं, ते पुन्हा सुरूच होईना.

हँडब्रेक नावालाच होता. सवयीनं त्यानं पहिला गिअर टाकला, चावी चालू ठेवली आणि उतरला.

बॉनेट उघडलं, टॉर्च बॅटरीवर ठेवला. टेस्ट लॅम्प लावला. कॉईलपर्यंत सप्लाय येत होता. नव्या इग्निशनच्या मॉड्यूलला बोट लावलं तर तव्यासारखं तापलेलं. या इलेक्ट्रॉनिकची ही खोडच आहे. तापलं की करंट तोडतं, निवलं की शहाण्यासारखं वागतं. त्यानं त्यावर ओलं फडकं ठेवलं. अर्थची वायर सैल होती, ती खरवडून आवळली. थोडा वेळ जाऊ दिला.

आता करंट, म्हणजे ठिणगी पडते का ते, बघायचं. कॉईलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून उपसून इंजिनच्या लोखंडाजवळ धरायची आणि आत बसलेल्यानं चावी फिरवून सेल्फ मारायचा. काम दोघांचं. गॅरेजात आत वना बसतो. वर्षानुवर्षं तेच चाललेलं. म्हणून वायर धरल्या धरल्या प्रेमराजच्या तोंडून निघून गेलं,

"वना, मार!"

सेल्फ फिरला. वायरच्या टोकाशी निळा करंट तडतडला.

"आला! आला रे!" त्यानं वायर जागेवर दाबली. "मार आता!"

इंजिन सुरू झालं. एकदम छान, एका लयीत. प्रेमराज खुशीत फडक्याला हात पुसू लागला. पुसता पुसता थांबला.

वना जळगावला होता.

"पुनम...?"

उघड्या बॉनेटआडून आतलं काही दिसेना. आणि तेवढ्यात त्याला दुसरी गोष्ट आठवली. ती पहिलीपेक्षा वाईट होती.

गाडी गिअरमध्ये होती.

गिअरमधल्या गाडीला सेल्फ मारला की ती उडी घेते. ही हलली नव्हती. इंजिन चालू होऊनही जागची हलली नव्हती. म्हणजे आत कुणीतरी क्लच दाबून बसलं होतं... काय म्हणतोस अखिल, पोरीनं दाबला असेल? अरे, अँबेसेडरचा क्लच दाबताना मोठ्या माणसाची मांडी भरून येते. तिचा पाय तिथवर पोचतसुद्धा नाही.

प्रेमराजच्या पाठीशी खड्डा. समोर गाडी. गाडीत पुनम. तो स्वतः बाजूला उडी मारून वाचला असता. पण तो पाय सुटला, की गाडी पोरीला घेऊन खाली...

तो ओरडला नाही. हळू बोलला. घरात बोलतो तसं.

"भो... तू कोन शे, माले माहीत नई. दाबी ठेव. सोडू नको. मनी पोर शे मांगे..."

इंजिन चालत राहिलं.

एक पाऊल बाजूला. थांबला. आणखी एक. मडगार्डला हात लावत लावत. दाराशी आला. कडी ओढली.

सीटवर कोणी नव्हतं.

मागे पुनम. गाढ झोपलेली.

खाली क्लचचं पेडल... तळाला टेकलेलं.

त्यानं हात आत घातला. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा धरला. ओढला. न्यूट्रल.

मग पेडल वर आलं. सावकाश. कुणी पाय काढून घ्यावा तसं.

आत बसताना त्याचे गुडघे स्टिअरिंगवर आदळले. सीट पुढे सरकली होती. तसाच अवघडून, छातीला स्टिअरिंग लावून त्यानं गाडी मागे घेतली आणि दुसऱ्या वाटेनं धुळं गाठलं. त्या रात्री त्यानं बाळाला हात लावला नाही. दुरूनच बघितलं.

सकाळी वना एसटीनं आला. प्रेमराज त्याला एवढंच म्हणाला, "जरा ती सीट मागे सरकव."

वना हसला. "भो, ती सीट सरकेलच कशी? घसरायची म्हणून रुळांना मीच वेल्डिंग मारलंय ना!"

टॉर्च घेऊन त्यानं सीटखाली डोकं घातलं. बराच वेळ काढलंच नाही.

वेल्डिंग तुटलेलं नाही. कुठे तडा नाही. वनाच्याच हातचे जुने, गंजलेले टाके, पण जिथं मारले होते तिथून चार बोटं पुढे. दोन इंजिनिअर येऊन, वाकून बघून गेले. रुळावरच्या मूळ जागी वेल्डिंगची खूणसुद्धा नाही. तिथला रंग कोरा आहे.