बाबा दारात थांबायचे

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती, तर शेवट तरी बदलला असता.

मी उपासना. ॲरिझोनात, टूसॉनला राहते. हे गेल्या जूनमध्ये सुरू झालं.

आमच्या शहराला वळसा घालणारा सायकलींचा एक लांबलचक रस्ता आहे. सगळे त्याला लूप म्हणतात. बराचसा कोरड्या नदीच्या काठाने जातो. निवृत्तीनंतर नागपूरहून माझ्याकडे आलेल्या बाबांना त्याचं वेड लागलं होतं. पूर्ण लूप एका दमात करायचा, एवढंच डोक्यात.

त्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी त्यांचे सायकलमित्र पुरुषोत्तमकाका चहाला आले होते.

"धर्मराजजी, उद्या हीट वॉर्निंग आहे. कॅन्सल करू या."

"नागपूरचा मे काढलाय मी. तुम्हा पुणेकरांना ऊन काय कळणार?"

"मग मी अर्ध्यातून परत फिरणार. माझे गुडघे पुण्याचेच आहेत."

आम्ही तिघंही हसलो.

या घरात त्यानंतर तसं कुणी हसलेलं नाही.

आमच्याकडे निघणारा "येतो" म्हणतो, आणि घरातल्याने "या" म्हणायचं असतं. बाबा हे फार पाळायचे. "या" ऐकल्याशिवाय दाराबाहेर पाय टाकायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कॉलवर होते. भारतातली टीम, काहीतरी अडकलेलं.

"येतो गं, उपासना."

हेडफोन होते, तरी मी ऐकलं. मान न वळवता नुसता हात हलवला. जा, असा.

ते थांबले. मला पाठीवर जाणवत होतं.

मग सायकलच्या चाकाची टिकटिक हळूहळू दाराबाहेर गेली.

काका ठरल्याप्रमाणे अर्ध्यातून परतले. बाबा पुढे गेले. दुपारी ते एका पुलाच्या सावलीत सापडले. बसलेले, प्राण गेलेले. पाण्याच्या बाटल्या भरलेल्या. सायकल कठड्याला नीट टेकवलेली...

तिचं तोंड घराच्या दिशेला होतं. ते परत फिरले होते.

त्यांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला. नातेवाईक गेले. घर रिकामं झालं.

मग एका पहाटे...

टिक. टिक. टिक.

सायकल गॅरेजच्या भिंतीला टांगलेली होती. चाकांत हवासुद्धा नव्हती.

आवाज माझ्या खुर्चीमागून निघाला. दारापाशी थांबला.

पुढे काहीच नाही. दार उघडल्याचा आवाज नाही. फक्त कुणीतरी उभं असल्यावर असते, तशी शांतता.

तेव्हापासून रोज.

शेवटी काकांना सांगितलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"त्या दिवशी वाटेत म्हणाले होते मला, आज पोरीचं 'या' ऐकलं नाही. मी चेष्टा केली. म्हटलं, मग काय, परत जाता?"

मी कप उचलायला वाकले.

"तू उत्तर देऊ नकोस हं, बाळा," काका हलक्या आवाजात म्हणाले. "गेलेल्या माणसाला 'या' म्हणत नसतात."

मी दिलं नाही. हेडफोन घालून कॉलवर बसत राहिले. हेडफोनमध्येही ऐकू यायचं... टिक, टिक... आणि मग ते थांबणं.

आज पहाटेही तो आवाज दारापाशी थांबला.

मी खाली पाहिलं. फरशीवर वाळूची बारीक रेघ होती. नदीतली असते तशी, पिवळट. माझ्या खुर्चीपासून सरळ दारापर्यंत गेलेली...

आणि दार आतून बंद होतं.

काकांचं बोलणं आठवलं. भीती वाटत होती. हे लिहितानाही वाटतेय. पण म्हाताऱ्या माणसाला असं किती दिवस दारात उभं ठेवायचं?

मी हेडफोन काढले. मान वळवली.

"या, बाबा. सावकाश या."