पिवळे पडलेले अळू

अर्धे वाचून पूर्ण समजलो, असे मानणारा माणूस दुष्ट नसतो. परंतु त्याच्या हातून इतरांचे अहित होऊ शकते. अशा वेळी त्याला अडवणे हे लहानांचेही कर्तव्य ठरते.

"ताई, इकडे ये! चरीपाशी सगळं अळू पिवळं पडलंय!" प्रितेश ओरडला.

२००६ सालचा मे महिना होता. पूर्णा गावी दौलतकाकांच्या मुलीची, दिपालीची, त्या संध्याकाळी हळद होती. क्षितिजा आणि प्रितेश ही काकांची पुतणी-पुतण्या कामतघरहून सुट्टीला आली होती.

"काकांनी ते निळं पिंप गेल्या आठवड्यात इथंच धुतलं होतं!" क्षितिजा म्हणाली.

गोदामाजवळच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या त्या पिंपात आता पाहुण्यांसाठी गार पाणी भरलेले होते. दोघे तिकडे धावले. पिंपावरच्या खरवडलेल्या लेबलावर एक लांबलचक इंग्रजी शब्द उरला होता.

"बापरे! हा शब्द की मालगाडी?" प्रितेश म्हणाला.

"मग एकेक डबा सोडवू या." बाईंनी शिकवल्याप्रमाणे क्षितिजाने शब्द तळहाताने झाकला आणि हळूहळू उघडला. "हर्... बि... साइड. हर्ब म्हणजे वनस्पती. आणि इनसेक्टिसाइडच्या शेवटीही हेच साइड असतं. कीटक मारणारं!"

"म्हणजे हे... झाडं मारणारं?"

दोघांनीही अळूकडे पाहिले!

"काका, हे पाणी देऊ नका! पिंपात तणनाशक होतं!"

"ए शानी!" दौलतकाका हसले. "हर्ब लिवलंय नं? दिपालीचा शाम्पू पन हर्बल हाय. चांगलाच असतंय ता! आनि दोनदा धुतलाय मी."

"पण काका, शब्दाचा पुढचा भाग..."

"पावनं आलं! पेले आन!"

क्षितिजाने पेला आणला, भरला आणि आजीकडे, सीताबाईंकडे, वळून विचारले, "आजी, घरच्या कार्यात पहिला पेला तुळशीला ना?"

"व्हय तं. दौलत, घाल."

काका पेला घेऊन तुळशीपाशी गेले. तेथून चरीकाठचे अळू स्पष्ट दिसत होते. त्यांचा हात थबकला.

"आये... तुलस जलली तं?"

"आणि पाहुणे, काका?" क्षितिजाने हळूच विचारले.

काकांनी मान खाली घातली. पेला त्यांनी पुन्हा पिंपात रिकामा केला, झाकण घट्ट लावले आणि पिंप स्वतः मांडवाबाहेर ओढत नेले. शेजारच्या घरांतून हंडे-कळश्या आल्या.

"पोरांनी आज माझी लाज राखली," काका सर्वांदेखत म्हणाले. "आन मी त्यांनाच हसलो!"

सीताबाईंनी दोन्ही मुलांच्या कपाळी हळद लावली. मग बोटाला उरलेली हळद लेकाच्या कपाळी टेकवली.

"सुखी ऱ्हावा, पोरांनो," त्या म्हणाल्या. "आनि दौलत, तू पन."