मिहराबातलं फूल

"माझे बाबा कुठे पुरलेत ते मला हवंय," झुम्रा दारातच म्हणाली. "आणि मशीद समितीचा अध्यक्ष फेरिद खरं बोलतोय का, तेही."

रेफियाबाईंनी खुर्ची पुढे केली. साराजेवोत हरवलेली माणसं शोधावीत ती या बाईंनीच. त्यांचा मदतनीस साल्को मात्र डोक्याने जरा सावकाश होता आणि तोंडाने भराभर. आताही त्याच्या हातात खिमा भरलेला बुरेक होता.

झुम्राच्या लिपोवाच गावची चारशे वर्षांची मशीद युद्धात सुरुंगाने उडवली होती. त्याआधी बांग देणारे अवदो, म्हणजे झुम्राचे वडील, मिहराबातला, म्हणजे मक्केच्या दिशेच्या कोनाड्यातला, फूल कोरलेला दगड कोटाखाली घेऊन बाहेर पडले. तेच शेवटचं. आता मशीद पुन्हा उभी राहिली होती, आणि तो दगड एका सकाळी घोंगडीत गुंडाळून कुणीतरी तिच्या उंबऱ्यावर आणून ठेवला होता.

"फेरिद म्हणतो, ढिगाऱ्यात सापडला आणि मीच सांभाळला. तसं असेल तर माग तिथेच संपला," झुम्रा म्हणाली. "पण दुसऱ्या कुणी सांभाळला असेल, तर त्याने बाबांना पाहिलंय."

दुसऱ्या दिवशी लिपोवाचला मशीद बघून साल्को घास चावायचा विसरला. नदीतून, उकिरड्यातून वेचून आणलेले काळवंडलेले दगड पांढऱ्या नव्या दगडांशेजारी बसवले होते, आणि मिनार सरळ आभाळात गेला होता. माणसांनी हे हातांनी परत उभं केलं, या विचाराने त्याचा ऊर भरून आला.

"ए, ती लोणच्याची मिरची लांब धर!" गवंडी वेय्सिल ओरडला. "चुनखडी आहे ही. आंबट लागलं की दगड खाल्ला जातो."

त्याने फुलाचा दगड दाखवला. पाकळ्यांच्या कडा अजून धारदार होत्या. "फक्त खाचांत हा तपकिरी चिकटा. उन्हात मऊ होतो, वास गोडसर. अर्धा खरवडलाय."

बाहेर कबरींवर जांभळी पेरुनिका फुलली होती. झुम्राने एक देठ सरळ केला. "सगळे आपापल्या माणसाच्या कबरीवर लावतात. मला लावायला जागाच नाही."

फेरिद छाती फुगवून भेटला. उद्घाटनाला दगड वाचवणारा म्हणून त्याचं नाव वाचलं जाणार होतं. "माझ्या तळघरात, कोबीच्या पिंपात! इतकी वर्षं आंबवणीच्या कोबीवर वजन म्हणून ठेवला. कुणाला संशय येणार?"

"वा, काय डोकं!" साल्को म्हणाला. त्याला भूकही लागली.

मशिदीच्या भिंतीला लागून स्तोयांकाचं घर. ही सर्ब बाई, हिवाळ्यात नवरा रिस्तो गेल्यापासून काळ्या कपड्यांत. झुम्रा फाटकाबाहेरच थांबली. "कॉफी प्यायला मी याच घरात शिकले," ती पुटपुटली. "युद्धानंतर पाणीही घेतलं नाही."

स्तोयांकाने कॉफी दिली, मध दिला. तिची बोटं तपकिरी डागळलेली होती.

"मधाच्या पेट्या खरवडल्या की होतं असं," ती म्हणाली. "अवदो? नाही. आम्हाला काही माहीत नाही."

परसात कोबी, कांदे, मधमाश्यांच्या पेट्या. पेट्यांमागे फुलांचा एकच लांबट, अरुंद वाफा होता. "जांभळी फुलं छान आहेत," साल्को म्हणाला. रेफियाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की आपण काहीतरी शहाणपणाचं बोललो की काय, असं त्याला वाटलं.

त्याच दुपारी बाईंनी सगळ्यांना मशिदीच्या अंगणात बोलावलं. स्तोयांकाही आली.

"फेरिदसाहेब, कोबी तुमची बायको घालते, तुम्ही फक्त खाता," बाई म्हणाल्या. "तिला विचारा, पिंपात ती नदीतला गोटा का ठेवते. चुनखडी आंबवणीत ठेवली, तर कोबी नासतो आणि दगड झिजतो. या पाकळ्या तर कालच कोरल्यासारख्या आहेत."

फेरिद दोन पावलं मागे सरकला.

"हा चिकटा मधमाश्यांचा. फटी लिंपायला त्या असली राळ आणतात. म्हणजे दगड पेटीत होता. सैनिकांनी घरं उपसली, पण भरल्या पोळ्यात हात कोण घालणार? स्तोयांकाताई, तो काढताना तुमची बोटं डागळली. आणि पोटापुरती भाजी लावणाऱ्या परसात एकच वाफा फुलांचा, तोही पेरुनिकाचा. लांबी माणसाएवढी."

झुम्रा उभी राहिली.

"जखमी होता गं," स्तोयांकाचा आवाज फुटला. "आमच्या फाटकात पडला. दगड माझ्या हातात दिला आणि गेला. रिस्तोने त्याला पुरलं, तुमच्या रीतीने, उजव्या कुशीवर, तोंड मक्केच्या दिशेला, किब्ल्याकडे. शेजाऱ्यांच्या इतक्या मयतींना गेला होता तो, त्याला ठाऊक होतं. मारणारे आमचेच होते, गावातच फिरत होते. रिस्तो म्हणायचा, मी मेल्याशिवाय बोलू नकोस. मी दगड उंबऱ्यावर ठेवला, पण तुझ्यासमोर यायला तोंड नव्हतं, पोरी."

साल्कोला त्या मेलेल्या रिस्तोपुढे टोपी काढावीशी वाटली, म्हणून त्याने ती खरंच काढली.

वेय्सिलने दगड उचलला. "उरलेला चिकटा काढून आजच बसवतो."

"नको," झुम्रा म्हणाली. "राहू दे तसाच. तोही याच मशिदीचा आहे आता."

मग ती स्तोयांकाजवळ गेली आणि तिचा डागळलेला हात धरला.

"चला काकू, मला बाबांकडे न्या. मग कॉफी ठेवा."