एकेचाळिसावं भोक

कोल्हापूरजवळच्या त्या कारखान्यात भोक पाडताना चुरा पडत नसे. शंकूसारखं बोथट टोक गरगर फिरवत स्टेनलेस स्टीलच्या नळीवर दाबायचं. घर्षणानं धातू लालभडक होऊन मऊ पडे, बाजूला सरके आणि नळीच्या आत भोकाभोवती कड्यासारखी जाड कॉलर धरे. तिच्यात आटे पाडले की बोल्ट पक्का. या कामावर आता नवा पहारेकरी आला होता: प्रत्येक भोकाचं गणिती प्रतिरूप. दाब आणि उष्णतेची नोंद दिली, की बंद नळीत कॉलर कशी बनली असेल ते संगणक चित्र काढून दाखवी. सध्या त्यानं जुन्या नोंदी तपासायला घेतल्या होत्या.

मंगळवारी सकाळी त्यानं भोकं पाडणाऱ्या शालन मगदूमच्या कामावर लाल फुली मारली. ओढ्यावरच्या पादचारी पुलाचा कठडा, एकेचाळिसावं भोक, कॉलर चिरलेली.

चार महिने शाळेची पोरं त्या कठड्याला रेलून पाण्यात खडे टाकत होती. वीस वर्षांत तिचं एकही काम परत आलं नव्हतं, आणि आलं ते नेमकं हे! पूल तासाभरात बंद झाला.

प्रतिरूप बनवणारा इंजिनिअर निशिकांत तिला घेऊन पुलावर गेला. त्यानं बोल्ट काढून बारीक कॅमेरा नळीत सोडला. शालनला पडद्याकडे बघवेना.

"ताई, बघा तरी."

कॉलर अखंड होती. जाड, गोल, केसाएवढीही चीर नाही. शालन पदरानं डोळे पुसत हसायलाच लागली. "सुटले बाई! रातभर झोप लागली नसती मला."

निशिकांत मात्र त्या भोकाच्या दाबाच्या आलेखात डोकं घालून बसला होता. "मग इथं दाब मध्येच कसा उतरला? चीर पडली की असाच उतरतो."

"मीच दांडीवरचा हात उचलला की. लाल झालं की वाईच दम द्यायचा. स्टेनलेसमधी उष्णता पसरत न्हाई लवकर, एका जागी साठती. तसंच रेटलं तर कॉलर फाटती."

"अहो, प्रतिरूपासाठी नोंदी घ्यायला आम्ही आठ दिवस तुमच्या शेजारी उभे होतो. तेव्हा एकदाही उचलला नाहीत!"

शालन ओशाळली. "पुस्तकात उचलू नका म्हणून लिवलंय. साहेब लोक वही घेऊन उभं असताना कोण उचलंल? तुमच्यासमोर सगळं अगदी पुस्तकातल्यावानी केलं."

निशिकांत खो खो हसला. सगळं गणित त्या आठ दिवसांच्या देखाव्यावर उभं होतं तर! त्यानं बोल्ट परत कसला, पूल खुला करायचा निरोप धाडला आणि मग एकाएकी कपाळाला हात लावला.

"काय झालं वो?"

"आणखी अकरा कारखान्यांतल्या एकेका कारागिराकडून आम्ही असंच शिकून घेतलंय. तिथंही वह्या घेऊनच उभे होतो." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "ताई, 'आमच्यासमोर पुस्तक बाजूला ठेवून तुमचं रोजचं काम करा', हे त्या अकरा जणांना कुठल्या तोंडानं सांगायचं?"