कोहळ्याची दाढी

पोत्याच्या तळातला कोहळा बाहेर आला आणि रुचिताच्या तोंडून "अगं आई गं!" असा आवाज फुटला.

कोहळ्याची एक बाजू कोहळ्यासारखीच होती. पांढरी भुकटी फासलेली, बारीक टोचरी लव असलेली. दुसरी बाजू मात्र सासुरवाडीला निघालेल्या जावयाच्या गालासारखी गुळगुळीत! वर चंदनी साबणाचा वास. आणि देठाच्या जरा खाली... रुचिताने डोळे चोळून पुन्हा पाहिलं... बोट कापल्यावर लावतो ना, तसली पट्टी चिकटवलेली.

"हात लावू नकोस!" सुमनताई, म्हणजे तिची आई, पाटावरून ताडकन उठल्या. "करणी आहे ही! कोहळा काय, साबण काय, वर पट्टी काय... जिथून आला तिथे नेऊन दे. आणि येताना मागे वळून बघू नकोस."

"बसने जाऊ की रिक्षाने? करणीला काय चालतं?"

"मस्करी सुचते तुला!"

वसईगावात या मायलेकी कोहळ्याच्या वड्या करून विकत. दिवाळी तोंडावर आली होती, फोनवर ऑर्डर दिलेलं पोतं आगाशीच्या कुणा वाडीवाल्याकडून पहिल्यांदाच आलं होतं, आणि पहिल्यांदाच हे असं. रुचिताने कोहळा टॉवेलात गुंडाळला आणि आगाशीची बस पकडली. मांडीवरचं ते गाठोडं बघून शेजारची बाई मायेने म्हणाली, "झोपलाय वाटतं? कितव्या महिन्यातला?" रुचिताने टॉवेलाचं टोक आणखी घट्ट गुंडाळलं.

आगाशीच्या बाजारात, वाडीवाल्याने फोनवर सांगितलेल्या जागी, केळी, अळू, दुधी मांडून एक उंच तरुण बसला होता. रुचिताने त्याच्यापुढे टॉवेल उघडला. "हा तुमचाच ना?"

त्याने कोहळ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा कोहळ्याकडे. बघता बघता त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि आता हादरायची पाळी रुचिताची होती, कारण त्याच्या हनुवटीवर अगदी तसलीच पट्टी होती. गालावर आणखी एक.

"हा... हा विकायचा नव्हता," तो पुटपुटला.

"मग काय पाळलाय?"

"त्याच्यावर मी दाढी शिकतोय. वस्तऱ्याने. चुकून पोत्यात गेला."

"कोहळ्यावर?"

"आधी फुग्यावर शिकत होतो. फुगा फुटला की आप्पा दचकायचे. कोहळा बिचारा गप्प बसतो."

रुचिताला हसू आलं. पण त्याचा चेहरा बघून ते ओठातच राहिलं.

उमंग त्याचं नाव. घरात तो आणि वडील, रामचंद्रआप्पा, दोघंच. आप्पांनी उभ्या जन्मात दाढी केल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, आणि दाढी करायची ती आपल्या वस्तऱ्यानेच. श्रावणात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय थोडा परत आला, हात नाही आला. डॉक्टर म्हणत होते, रोज चालवा, आत्ता चालले नाहीत तर पाय कायमचा जाईल. आणि आप्पा वाढलेल्या दाढीनिशी मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"न्हाव्याला बोलवा की घरी."

"बोलावलं. आप्पांनी चहा पाजून परत पाठवलं. म्हणाले, मान द्यायची तर घरच्या माणसाच्या हातात. आता घरचा मी एकटा..." त्याने आपल्या गालावरच्या पट्टीवरून बोट फिरवलं. "आणि मला माझीच मान माझ्या हातात द्यायची भीती वाटते."

घरी येऊन रुचिताने सगळं सांगितलं, तेव्हा सुमनताईंच्या मनातली करणी गेली आणि दुसरीच गोष्ट त्यांच्या डोक्यात आली. कोहळ्यावर पहिला घाव बाईने घालायचा नाही, ही त्यांच्या घरातली जुनी रीत. घरातला पुरुष गेल्यावर शेजारचे फ्रान्सिस अंकल इतकी वर्षं तो घाव घालून देत. मोठ्या आनंदाने, शर्टाच्या बाह्या सारून. आता ते मुलीकडे कॅनडाला गेले होते.

"ज्याने कोहळा बिघडवला," सुमनताई म्हणाल्या, "त्यानेच येऊन घाव घालावा."

तर असा उमंग त्या घरात यायला लागला. आणि वस्तराही घेऊन यायचा, कारण घरी चामड्याच्या पट्ट्यावर तो परजला की आतून आप्पांचा आवाज यायचा, "काय रे करतोस?" आधी तो मागच्या अंगणात कोहळ्याला फेस लावून दाढी करायचा, मग पाट मांडून त्याच कोहळ्यावर घाव घालायचा. बघणाऱ्याला वाटावं, शिक्षेआधी गुन्हेगाराचा शेवटचा मान राखतोय.

"अहो, हे काय," एकदा रुचिताला राहवेना. "दाढी करताय की नारळ खवताय?"

"मग तुम्ही करून दाखवा!"

तिने वस्तरा घेतला. वड्या कापणारा हात तो, मऊ पाकातून पातं ओढायचं तर जोर चालतच नाही. तिने अंगठ्याने साल ताणली, पातं जवळजवळ आडवं धरलं आणि लवेच्या कलाने खाली आणलं. सर्रर्र... फेसाखालून हिरवी वाट उघडत गेली. एक चरा नाही.

उमंगचं तोंड उघडं ते उघडंच.

"अगं, अगं!" सुमनताई दारात. "कोहळ्याला बाईने लोखंड..."

"कापत नाहीये आई. दाढी करतेय."

सुमनताईंनी कमरेवर हात ठेवून बराच विचार केला. "दाढीबद्दल आमच्या सासूबाई काही बोलल्या नव्हत्या म्हणा," असं म्हणून त्या आत गेल्या.

त्या दिवसापासून शिकणारा बदलला. तिच्या हातून कोहळा ओरखड्याविना सुटला, मग दुधीही सुटला. 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. सुमनताईंना मात्र कळलं. त्यांनी चहात साखर वाढवली.

आणि एका दुपारी उमंग खुर्ची ओढून बसला, मान मागे टाकली आणि म्हणाला, "आता माझ्यावर."

"वेडा आहेस का?"

"आप्पांच्या आधी कुणावर तरी करावीच लागेल."

"म्हणजे... आप्पांची मी करायची?"

"माझा हात बघितलास ना? तुझ्याशिवाय कोण करणार?"

रुचिताने फेस केला. ब्रश त्याच्या गालावरून फिरला तेव्हा त्याने डोळे मिटले, आणि तिला पहिल्यांदाच त्याचा चेहरा निवांत बघता आला. पापण्या किती लांब असाव्यात एखाद्या पुरुषाच्या! अंगणातल्या जाईचा वास येत होता. स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला होता, म्हणजे खिडकीतून कुणीतरी बघत होतं.

"बोलायचं नाही. गिळायचं नाही. हसायचं तर मुळीच नाही."

"श्वास?"

"थोडा."

तिने डाव्या हाताच्या बोटांनी त्याचा गाल ताणला. कोहळा थंड असतो. हे... हे थंड नव्हतं. तिच्या बोटांखाली त्याची नाडी धडधडत होती, की तिचीच होती, कोण जाणे. एक गाल झाला. दुसरा झाला. वस्तरा हनुवटीखाली आला, गळ्याशी टेकला...

"रुचिता, मला ना..."

"उमंग!"

कंठमणी वर सरकला आणि पांढऱ्या फेसावर लाल रेघ उमटली. बारीकशीच. पण रुचिताच्या हातून वस्तरा दगडावर खणकन पडला. "मी नाही करणार," ती मागे सरकत म्हणाली. "आप्पांच्या गळ्यावर असं झालं तर? मी नाही, उमंग!"

त्याने तुरटी दाबून धरली, डोळ्यात पाणी आलं तरी तो हसतच होता. "तुझी चूक कुठाय? मीच बोललो."

"असं काय महत्त्वाचं बोलायचं होतं तुला, गळा कापून घेऊन?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. "झोंबतंय... नंतर सांगतो."

तो 'नंतर' काही येईना. चार दिवस उमंगही आला नाही. मग फोन आला, आवाज पार उतरलेला. "काल आप्पा खुर्चीतून उठलेच नाहीत गं. पाय टेकवेना म्हणाले."

रुचिताने फोन ठेवला आणि चपला घातल्या. भीती काय, बसमध्येही वाटून घेता येते.

आगाशीच्या वाडीत, केळींच्या सावलीतून मागच्या पडवीत शिरताना उमंगने तिच्या कानात बेत सांगितला. आप्पांना डोळे मिटायला सांगायचं. मीच करतोय म्हणायचं. तू फक्त बोलू नकोस.

"आणि कळलं तर?"

"डोळे मिटलेले असताना कसं कळेल?"

पुरुषांच्या या हुशारीला काय म्हणावं!

तो म्हातारा माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता. केवढे रुंद खांदे, आणि कसे पडलेले. उमंगने खुर्ची उजेडाकडे वळवली, टॉवेल बांधला. "आप्पा, मी शिकलोय. डोळे मिटा."

"तू?" आप्पांनी मुलाच्या गळ्यावरची जखम पाहिली. मुकाट डोळे मिटले. खरंतर देवाचंच नाव घेतलं असावं.

रुचिताने बांगड्या वर सारल्या, फेस लावला. अंगठ्याने गाल ताणला आणि वस्तरा उचलला...

"उमंग," आप्पा डोळे न उघडता म्हणाले, "तुझ्या हाताला वेलचीचा वास कधीपासून यायला लागला?"

वस्तरा हवेतच थिजला. उमंगही थिजला. आप्पांनी डोळे उघडले आणि समोर वस्तरा उगारलेली अनोळखी मुलगी बघून ते असे दचकले, की खुर्चीचे पुढचे पाय उचलले गेले.

"कोण गो तू?"

"मी... वड्या करते," रुचिता म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

"वड्या करतेस तर माझ्या मानेशी काय करतेस?"

"आप्पा, तिचा हात फार चांगला आहे," उमंग मध्ये पडला.

"असेल. पण मी घरच्या माणसाशिवाय..."

"घरचीच आहे!"

कुठेतरी एक सुकं केळीचं पान सरसरलं.

"म्हणजे..." उमंगच्या कानाच्या पाळ्या पेटल्या, "होईल. म्हणजे व्हावी असं मला वाटतं. म्हणजे... मी अजून विचारलेलं नाही."

रुचिता हातात वस्तरा घेऊन उभी. हे असं विचारतात? बापासमोर, अंगावर फेस उडालेला असताना?

आप्पा एकदा मुलाकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. त्यांच्या वाकड्या झालेल्या ओठाचा कोपरा हळूच हलला.

"मग विचार ना रे," ते म्हणाले. "साबण सुकतोय."

उमंगने विचारलं. काय विचारलं ते नीट ऐकूच आलं नाही, इतका त्याचा आवाज बसला होता. त्या दिवशी गळ्याशी अडकलेलंच असावं. रुचिताने त्याच्याकडे पाहिलंही नाही. हातात वस्तरा असताना अशा माणसाकडे बघणं बरं नव्हे. तिने ब्रश बुडवून आप्पांचा गाल पुन्हा ओला केला. बोटं थरथरत नव्हती, याचंच तिला आश्चर्य वाटलं.

"आप्पा, गाल फुगवा."

आप्पांनी मान मागे टाकली. पूर्ण टाकली, उशीवर टाकावी तशी. वस्तरा कानापासून सरळ जबड्यापर्यंत आला आणि पांढऱ्या दाढीखालून एक देखणा, सावळा गाल बाहेर पडला. ओरखडा नाही की थेंब नाही.

"माझ्या आईशी तू बोलायचं," वस्तरा पुसता पुसता ती उमंगला म्हणाली, अगदी सहज, दूधवाल्याला निरोप द्यावा तशी. "मी नाही बोलणार."

उमंगला ते कळायला एक क्षण लागला. कळलं तसा तो मागच्या मागे तांब्यावर आदळला, आणि पडवीभर पाणी झालं.

आप्पांनी डावा हात उचलून आपला गाल चाचपला. वरून खाली, खालून वर. मग खुर्चीचा दांडा धरला आणि उजवा पाय पुढे सरकवून, कण्हत, दात आवळून ते उठायला लागले. टॉवेल गळ्यात, अर्धं तोंड फेसाने भरलेलं.

"आप्पा! बसा ना, अजून अर्धी राहिलीय!" रुचिता किंचाळलीच.

"मग उभ्याने कर," आप्पा डुगडुगत म्हणाले. "वसईला जायचंय ना आपल्याला? मुलगी मागायला मी काय एका गालाने जाऊ?"