दुसरा रिमोट

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या बाबतीत घडली. तुम्हाला पटो न पटो, मी पदरचं एक अक्षरही घालत नाहीये.

आणि रात्रबित्र काही नव्हती. रविवारची टळटळीत दुपार होती. सायकलच्या दुकानावरची त्याची छोटी खोली, दार सताड उघडं, खाली माणसांची ये-जा.

मेहुणा जुने व्हिडिओ गेम जमवतो आणि लोकांना त्यांची किंमत ठरवून देतो. आम्ही त्याला पारखी म्हणतो. आधी चिडवायला म्हणायचो, आता तोच त्याचा धंदा झालाय. लेबल, खोक्याचे कोपरे, आतलं पुस्तक, सगळं भिंगाखाली बघणार. बायको माहेरी गेली तर दोन दिवस याच्या लक्षात येणार नाही, पण खोक्यावरचा ओरखडा बरोबर दिसणार.

त्या दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. छातीशी एक खोकं धरलेलं होतं.

“माझ्या मुलाचं आहे,” मास्तर म्हणाले. “तो गेला. लहानच होता. आता मी लेकीकडे राहायला चाललोय, घर रिकामं करतोय. हे टाकवत नाही आणि बघवतही नाही. कदर करणाऱ्याच्या हाती पडलं तर बरं.”

पारखीनं खोकं उघडलं. आत गेमचं मशीन, विमानांच्या शूटिंगची कॅसेट आणि दोन रिमोट. एक पार झिजलेला, बटणांवरची अक्षरं पुसून गेलेली. दुसरा मात्र कारखान्यातून आला तसाच, प्लास्टिकच्या पिशवीत. चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती.

त्याचे डोळेच चमकले.

“अहो मास्तर, हा तर सीलबंद आहे. याचीच तर खरी किंमत. कुणी हातच लावला नाही, नशीब तुमचं.”

मास्तर रिकाम्या खोक्याची कड चाचपत राहिले.

बोलून तो चुकला, पण तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही. या जमवणाऱ्या लोकांचं असंच. न वापरलेली वस्तू दिसली की हरखून जातात. ती का वापरली नाही, हे विचारायचं सुचत नाही.

चालतंय का बघायला त्यानं मशीन टीव्हीला जोडलं. झिजलेला रिमोट लावला.

पडद्यावर प्रश्न आला. एक खेळाडू की दोन?

त्यानं ‘एक’ निवडला.

आणि बाण... आपोआप खाली ‘दोन’वर सरकला.

बटण अडकत असेल. त्यानं रिमोट उघडून स्पिरिटच्या कापसानं पुसला. पुन्हा लावला.

बाण पुन्हा... खाली.

गेम सुरू झाला. लाल विमान पहिल्या खेळाडूचं, निळं दुसऱ्याचं. निळ्याला चालवणारं कुणीच नव्हतं. ते बिचारं कोपऱ्यात उभं होतं.

पारखीनं वैतागून रिमोट टेबलावर ठेवला.

लाल विमान... उडतच राहिलं.

टिक... टिक... टिक. टेबलावरच्या रिमोटची बटणं दबत होती. त्यावर कुणाचाही हात नव्हता.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो खुर्चीसकट मागे सरकला.

लाल विमान पुढे जाऊन लढत नव्हतं. ते निळ्याच्या समोर येऊन थांबलं होतं. निळ्यावर येणारी एकूण एक गोळी आधीच पाडत होतं.

“असंच करायचा,” मागून मास्तरांचा आवाज आला. अगदी हळू. “कायम दोन खेळाडू लावायचा. म्हणायचा, बाबा, या ना. मी म्हणायचो, हातातलं शिवण झालं की आलो. मग म्हणायचा, सावकाश या, तोवर तुमचं विमान मी जपतो.”

खाली सायकलवाला कुठलीशी घंटी वाजवून बघत होता.

“शिवण काही संपलं नाही हो. एक झालं की दुसरं. साधी पिशवीसुद्धा फोडली नाही मी.”

तेवढ्यात खोक्यातून आवाज आला... प्लास्टिक कुरकुरल्याचा.

मास्तरांनी पिशवी उचलली. पारखीचा हात सवयीनं पुढे झाला. “फोडू नका मास्तर, किंमत जाईल,” असं तोंडून निघूनही गेलं. नंतर त्याची त्यालाच लाज वाटली.

“जाऊ दे.”

दोरा तोडावा तशी मास्तरांनी दातांनी चिकटपट्टी तोडली. रिमोट जोडला. सुईची सवय असलेली बोटं ती, त्यांना बटणं काय कळणार. नुसती बटणांवरून चाचपडत होती.

“आलो रे राजा,” ते पडद्याला म्हणाले. “झालं बघ शिवण.”

टेबलावरची टिकटिक... थांबली.

निळं विमान जरासं हललं. डावीकडे. मग उजवीकडे.

आणि टिकटिक पुन्हा सुरू झाली. पहिल्यापेक्षा जोरात, घाईघाईनं. लाल विमान निळ्याच्या बाजूला आलं. दोन्ही बरोबर उडू लागली. मास्तर रडत होते आणि हसतही होते. पारखी जागचा हलला नाही.

मग टिकटिक हळू झाली.

आणखी हळू...

एक साधीशी गोळी आली. लाल विमानानं ती चुकवलीसुद्धा नाही.

ते पडलं. निळं अजून उडत होतं, पण पडद्याच्या लाल बाजूला ‘पुन्हा खेळायचं का’ असं आलं आणि आकडे उलटे मोजले जाऊ लागले.

“दाब रे बाळा,” मास्तर म्हणाले. “अजून एकदा. मी आहे ना आता.”

झिजलेला रिमोट हलला नाही. आकडे संपले.

“दमला असेल,” मास्तर म्हणाले. “केवढी वर्षं एकटाच सांभाळत होता.”

निळं विमान पडेपर्यंत ते खेळत राहिले. मग सगळं खोक्यात भरलं आणि छातीशी धरून घेऊन गेले. विकायचा विषय कुणीच काढला नाही.

पारखीच्या खोलीत एक काचेचं कपाट आहे, फक्त सीलबंद मालाचं. त्यावर त्याचा भारी जीव. परवा गेलो तर त्यानं खुर्ची फिरवून ठेवली होती. कपाटाकडे पाठ करून बसवत नाही म्हणाला.

“दाजी, यातल्या प्रत्येक वस्तूपाशी कुणीतरी कुणाची तरी वाट बघत बसलं असेल का हो?”

मी हसून विषय बदलणार होतो.

पंखा बंद होता. खिडकीही लावलेली होती.

आणि कपाटातून... प्लास्टिक कुरकुरत होतं. मीही ऐकलं.