भार ठेवायची जागा

मेझर टेपची पट्टी सर्रकन डबीत शिरली आणि खट्‌ आवाज करून थांबली. गॅरेजमधली दुपार तेवढ्यानेही दचकली. वरच्या खोलीत साडेतीन वर्षांची मैथिली झोपली होती. तिने कूस बदलली तशी खाट कुरकुरली, आणि खाली तिचे आईवडील, शर्वरी आणि विरेश, दोघंही श्वास धरून छताकडे बघत राहिले. पोर उठली नाही.

"आठ फूट नऊ इंच," विरेश हळूच म्हणाला. "मागच्या खेपेलाही तेवढंच होतं."

"मोजून मोजून छत वाढत नसतं."

"एखादा इंच सापडला तर बघत होतो."

सोलापूरच्या वेशीबाहेर शिल्पनगर नावाची वसाहत होती. एकमेकांना चिकटलेली एक्केचाळीस रो-हाउस, आणि प्रत्येकाच्या पोटात नऊ फूट रुंदीचं एक गॅरेज. त्यातल्याच एकात विरेश बिराजदार विजेच्या गाड्या दुरुस्त करायचा. या गाड्यांचा सगळा जीव पोटाखालच्या बॅटरीत. दहा वर्षं पाठीवर झोपून त्या पोटाखाली सरकता सरकता त्याच्या मणक्यातली चकती सरकली. आणखी वर्षभर असंच चाललं तर आडवा झालेला माणूस उठायचा नाही, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. तेव्हापासून दोघं गाडी उचलायची लिफ्ट शोधत होते, आणि लिफ्ट काही त्या गॅरेजात मावत नव्हती.

दोन खांबांच्या लिफ्टला बारा फूट उंची हवी, आणि वर तर मैथूची खाट. कात्रीसारखी उघडणारी लिफ्ट छताखाली बसली असती, पण ती कात्री नेमकी गाडीच्या पोटाखालीच उघडते. मग बॅटरीला हात घालायचा कुठून? खड्डा खणावा तर खाली काळी माती, चार दिवसांत त्याचा आड व्हायचा.

शेवटी आरिफ मणियार आला. भारांतरक, म्हणजे वजन हलवणारं यंत्र, बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर. दोन बोटं जाडीची एक करडी पाटी त्याने जमिनीवर अंथरली आणि शर्वरीकडे बघून ओशाळं हसला. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात ती गुरुत्व शिकवते, हे त्याला कळलं होतं.

"मॅडमसमोर मी काय बोलणार."

"मला नका सांगू, यांना सांगा. चुकलात तर मी आहेच."

"तर दादा, पहिली गोष्ट. वजन नाहीसं करता येत नाही. फक्त इथलं उचलून तिथे ठेवता येतं. गाडीतलं लोखंड गाडीतच राहतं, पण पृथ्वी त्याला जी ओढते ती ओढ आपण दुसऱ्या जागेवर नेऊन टाकतो. त्या जागेला ग्राही म्हणायचं."

"ती जागा खचत नाही?"

"एके ठिकाणी पडत नाही ना," शर्वरी म्हणाली. "त्या जागेवरचं सगळं आणि खालची वीतभर माती, यांच्यात वाटलं जातं. ज्याचं मूळ वजन जितकं, त्याच्या वाट्याला त्या मानाने."

"आणि तिथे एखादी म्हैस येऊन उभी राहिली तर?"

"तर म्हशीलाही तिचा वाटा."

"दूध वाढेल का?"

"नाही. पाय दुखतील."

मणियारने कळ दाबली. चौदाशे किलोची गाडी काहीही आवाज न करता वीतभर वर आली. विरेशने भीत भीत एक बोट लावलं. गाडी पाळण्यासारखी हलली, आणि त्याने तळहाताने रेटली तशी सावकाश कुशीवर वळली. आठ फूट नऊ इंचांत. तिचं पोट आता त्याच्या छातीसमोर होतं, आणि तो सरळ उभा होता.

"आयला," एवढंच तो म्हणाला. मग बराच वेळ बॅटरीच्या झाकणावरून हात फिरवत राहिला.

ग्राही जागा यंत्र स्वतःच सुचवायचं. दोनशे मीटरच्या आत, आणि मंजूर नकाशात जिथे माणसांचा वावर दाखवलेला नाही अशी. शिल्पनगरासाठी त्याने सर्वांत जवळची जागा सुचवली, वसाहतीची सहा गुंठ्यांची ओपन स्पेस. नकाशात ती रिकामी होती. पण आठ वर्षांपूर्वी वसाहतीनेच वर्गणी काढून तिथे पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या होत्या आणि त्यांत बालवाडी चालायची. कागदावर ती कधी आलीच नाही. सगळ्यांना ठाऊक असल्यावर कागद कशाला, असा विचार.

"तिथे मुलं असतात," शर्वरी म्हणाली. "माझीही असते. दहा ते दोन."

"नकाशात नाहीत मॅडम, म्हणून यंत्र घेतंय. पण तुमचं मन राखायला एकदा आकडे मांडून बघा."

तिने मैथूच्या चित्रकागदाच्या मागे आकडे मांडले. चौदाशे किलो, अडीचशे टन मातीत. हजारी साडेपाच. बारा किलोच्या पोरीच्या वाट्याला सदुसष्ट ग्रॅम. तिने पुन्हा मांडून पाहिलं. तेवढंच आलं.

"दोन चपात्यांएवढं," ती म्हणाली, आणि सही केली.

विरेश सहा महिन्यांत ताठ चालू लागला. गल्लीने ते पाहिलं, आणि त्याहून जास्त पाहिली कुशीवर वळलेली गाडी. दुसरी गाडी ठेवायला जागा नसलेल्या लोकांना यातली गोम लगेच कळली. भारांतरक बसवायचं, गाडी हलकी करायची आणि कपाटासारखी भिंतीला उभी लावून द्यायची. शेजारी दुसरी गाडी. मणियार दर आठवड्याला येऊ लागला. कुणी विचारलंच तर लोक सांगायचे, "बिराजदारीणबाईंनी आकडे काढलेत. दोन चपात्यांएवढं असतं." प्रत्येक घराची परवानगी वेगळी, प्रत्येक घराचा अर्ज वेगळा, आणि प्रत्येक अर्ज तपासून योग्य ठरलेला.

वर्ष झालं, आणि एक्केचाळीसही घरांत भारांतरक बसलं. एका दुपारी शर्वरी मैथूला आणायला गेली तेव्हा बालवाडी चालवणाऱ्या गायकवाडबाई दारातच उभ्या होत्या, एका हाताने गुडघा चोळत आणि दुसऱ्या हातात चौकटीतलं प्रशस्तिपत्रक धरून.

"बघा मॅडम. पोषणाच्या संस्थेने दिलंय, तालुक्यात पहिला नंबर. अठराच्या अठरा मुलं वजनाच्या हिरव्या पट्ट्यात. चार पोरं पिवळ्यात होती, त्यांचा जादाचा खाऊ बंद केला मी. गरजच राहिली नाही."

"वा. कसं काय जमवलंत?"

"माझ्या हाताची खिचडी," बाई हसल्या. "तुमची मैथिलीच बघा की. पावणेपंधरा."

आढ्याला टांगलेल्या वजनकाट्याच्या झोळीत तेव्हा एक मूल बसलं होतं, आणि पत्रे पेलणारी लोखंडी चौकट किंचित कुरकुरत होती. शर्वरीने तक्त्यावरचा आकडा पाहिला. चारच दिवसांपूर्वी तापासाठी मैथूला डॉक्टरांकडे नेलं होतं. ती तापाने उतरली होती, तिथे काटा बाराच्या पुढे गेला नव्हता.

"बाई, मुलं आताशा पळत नाहीत का?"

"शहाणी झालीत. बसून खेळतात."

आत भिंतीला टेकून सतरा मुलं बसली होती. कुणी रडत नव्हतं. मैथूच्या मांडीवर चेंडू होता आणि ती त्याच्याकडे नुसती बघत होती. आईला पाहून उठताना तिने आधी दोन्ही हात जमिनीवर टेकले, मग एक गुडघा, मग दुसरा. शर्वरीची आजी शेवटच्या वर्षात अशी उठायची.

एक्केचाळीस गुणिले चौदाशे, भागिले अडीचशे टन. हे गणित कागद न घेता झालं. बारा किलोच्या मुलावर पावणेतीन किलो, रोज चार तास. चपात्यांचे आख्खे डबेच्या डबे ती पोरं अंगावर वागवत होती. आणि ज्या चौघांचा खाऊ बंद झाला होता ती खरोखर उपाशी राहत होती, फक्त जड उपाशी.

घरी आल्यावर तिने सगळं विरेशला सांगितलं. तो उठला. गॅरेजात गेला, भिंतीला लावलेली गाडी सरळ केली, भारांतरक बंद केलं. मग माळ्यावरची जुनी सतरंजी काढून गाडीखाली पसरली आणि दात आवळून, पाठीवर, आत सरकला.

शर्वरीला त्याचे फक्त पाय दिसत होते.

"विरेश, नुसतं आपलं बंद करून सदुसष्ट ग्रॅम कमी होतील."

"माहीत आहे," गाडीखालून आवाज आला. "पाना दे."

ती घरोघर फिरली. कुणी दार लावून घेतलं नाही, सगळ्यांनी चहा विचारला. पण प्रत्येकाने तेच ऐकवलं. आमचं एकट्याचं बंद करून काय होणार? पोरं घरी ठेवायची तर सांभाळणार कोण? गाडी बाहेर काढली तर बारा फुटी गल्लीत रुग्णवाहिका कशी येणार? आणि दोन चपात्या तर तुम्हीच म्हणाला होता.

रविवारी सकाळी बैठक बसली, ओपन स्पेसवरच; मणियारलाही बोलावलं होतं, आणि मुलं बालवाडीत गायकवाडबाईंजवळ होती. पाच मिनिटं उभं राहून बोलल्यावर सोसायटीचे अध्यक्ष दुधनीकरकाका म्हणाले, "जरा टेकूनच बोलू," आणि मग सगळेच टेकले. ऐंशी किलोच्या दुधनीकरकाकांखालची प्लास्टिकची खुर्ची चारी पायांनी फाकली.

"मॅडम, गाड्या खाली उतरवायचं सोडून बोला," ते धापा टाकत म्हणाले. "ते होणार नाही, तुम्हालाही कळतंय. पोरांचं मात्र आजच बघू. वजन ठेवायला दुसरी जागा सांगा."

"आहे," शर्वरी म्हणाली. रात्रभर तिने तेच मांडलं होतं. "ज्याच्या गाडीचं वजन त्याने आपापल्या घरात ठेवायचं. मोठ्या माणसाला दोन किलो जास्त होतील, मुलांना तीन-चारशे ग्रॅम. सगळ्यांना सारखं."

लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी सासूच्या गुडघ्यांचं काढलं. पण विरेश पाठीला हात लावून उठला आणि म्हणाला, "चालेल मला," आणि मग दोघे-तिघे आणखी म्हणाले. दुधनीकरकाकाही डोकं खाजवत म्हणाले, "बरं. दोन किलो म्हणजे काय, दिवाळीत वाढतातच."

शर्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मणियारला खूण केली.

मणियारने हातातल्या टॅबवर एक घर निवडलं. पडदा लाल झाला. दुसरं निवडलं, तिसरं निवडलं. मग त्याने टॅब खाली ठेवला.

"यंत्र घेत नाही, मॅडम."

"का?"

"नकाशात तिथे घर आहे. माणसं आहेत. माणसांवर भार टाकायचा नाही असा कायदा आहे, तो यंत्रातच बसवलाय. मला तो काढता येत नाही, कंपनीलाही नाही."

"पण माणसं स्वतःहून घ्यायला तयार आहेत."

"त्याला रकाना नाही."

"मग ही बालवाडी नकाशात घाला."

"घालायला अर्ज करता येईल. पण ती विनापरवाना आहे. नोंद व्हायच्या आधी ती पाडतील."

दुधनीकरकाकांनी विचारलं, "यंत्र घेतं तरी काय?"

मणियारने नकाशा पुढे केला. दोनशे मीटरच्या वर्तुळात एकच तुकडा पांढरा उरला होता. नाल्यापलीकडचा.

"तिथे लोक राहतात," शर्वरी म्हणाली. "सकाळी चुली पेटतात, दोरीवर कपडे असतात. मी गच्चीवरून रोज बघते."

"कागदावर नाहीत."

"कागदावर आपली मुलंही नाहीत, काका."

"म्हणूनच तर," ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, फक्त थकवा होता. "कुणाची तरी असणारच. आपण आपली बघायची. घरटी एक, हात वर करा."

भारासाठी अशी जागा हवी जिथे कुणीच नाही, आणि कुणीच नाही असं फक्त कागदावर असतं. शर्वरीने ते सगळ्यांना सांगायला तोंड उघडलं. बालवाडीच्या दारात मैथू उभी राहू बघत होती. दोन हात जमिनीवर. एक गुडघा. ती मध्येच थांबली आणि परत खाली बसली.

मोजणी झाली तेव्हा चाळीस हात वर होते. मग एक्केचाळीसावा झाला. तो शर्वरीचा होता.

मणियारने कळ दाबली. खुर्च्या सुटल्यासारख्या करकरल्या. बालवाडीतून आधी एक मूल धावत बाहेर आलं, मग दुसरं, मग सगळी, आणि त्या आवाजाने पत्रे दणाणले. मोठी माणसं हसू लागली. गायकवाडबाई पदराने डोळे पुसत होत्या.

मैथू उड्या मारतच घरी निघाली. एक उडी, मग थांबून पायांकडे बघणं, मग दुसरी उडी.

"आई, माझं जड कुठे गेलं?"

"नाल्यापलीकडे ठेवलं, बाळा. ते कुठेतरी ठेवावंच लागतं."

मैथूने टाचा उंचावून पलीकडे पाहिलं. दोरीवर लहान लहान झबली वाळत होती. तिने आईचं बोट धरलं.

"मग त्या बाळांनी ते कुणाला द्यायचं?"